काका, बॅटरीचं तुमचं खरं, मॅग्नेटोचं अर्धंच खरं

काका, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की विमानाच्या इंजिनला ठिणगी पाडायच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात, त्या दोन्ही बाजूला मी इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायला निघालोय ते खुळेपणाचं आहे, मॅग्नेटो (इंजिनच्या फिरण्यावर स्वतःच ठिणगीचा करंट बनवणारं यंत्र) बॅटरीशिवाय चालतो आणि कधी दगा देत नाही, आणि वर आभाळात करंट गेला तर विमानाला काय धक्का मारणार का. हसलो राव. पण मुद्दा खरा आहे, मागच्या पोस्टमध्ये मी प्लग आणि पेट्रोलच्या बचतीवरच लिहीत बसलो आणि करंट येणार कुठून ते राहूनच गेलं.

आता "कधी दगा देत नाही" हे मात्र पटत नाही. आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये जुनं लायकमिंग ओ-320 हे विमानाचं इंजिन स्टँडवर आहे. प्रोपेलर हातानं सावकाश फिरवला की इम्पल्स कपलिंग (सुरू करताना मॅग्नेटोला झटका देणारी स्प्रिंग) टक्क करून सुटतं, लई भारी वाटतं ऐकायला. तोच मॅग्नेटो खोलला तर पॉइंटला (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांना) खड्डे, कॅमवर घासणारा तुकडा झिजून गॅप कमी झालेला आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं सरकलेलं, आणि तरी इंजिन चालत होतं म्हणून कुणाला पत्ताच नाही. रनअपला, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिन तपासणीत, एकेक मॅग्नेटो बंद करून ड्रॉप (इंजिनचे फेरे किती कमी होतात ते) बघतात, 175 आरपीएमच्या आत पाहिजे आणि दोघांतला फरक 50 च्या आत, ते उगाच नाही.

शिवाय मॅग्नेटो बंद होतो तो स्विचच्या वायरमधून अर्थिंग मिळाल्यावर. आमच्या आबांच्या चेतकची ती वायर तुटली होती, स्विच कितीही दाबा गाडी बंद होईना, शेवटी चौथा गिअर टाकून ब्रेकवर पाडली. तिथं हसण्यावारी गेलं, पण विमानात तीच वायर तुटली आणि चावी बंद आहे म्हणून कुणी पातं फिरवलं तर हात जाईल.

आणि इलेक्ट्रॉनिक म्हणजे बॅटरीच असंही नाही बरं का. रोटॅक्स 912 इंजिनला मॅग्नेटो नाहीच, दोन सीडीआय (कपॅसिटरवर चालणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आहेत आणि त्यांचा करंट इंजिनच्याच कॉइलमधून येतो. माझ्याकडं लायकमिंग असल्यामुळं ही चैन नाही.

फायदा म्हणाल तर मॅग्नेटोचं टायमिंग एकाच जागी बांधलेलं, आमच्या इंजिनला पिस्टन वर पोचायच्या 25 डिग्री आधी. वर गेलं की हवा विरळ, सिलिंडरमधलं मिश्रण सावकाश जळतं, तिथं ठिणगी आधी पडायला पाहिजे, ते काम इलेक्ट्रॉनिक करतं. टेकऑफला फुल थ्रॉटलवर फारसा फरक नाही. आणि यातला बराचसा फायदा एका बाजूला लावूनच मिळतो, दुसऱ्यानं त्यात थोडीच भर पडते, हे मला आधी माहीत होतं तरी हौस आडवी आली.

तर आता डावीकडचा मॅग्नेटो नवे पॉइंट टाकून, टायमिंग बांधून तसाच ठेवतोय, फक्त उजवीकडं इलेक्ट्रॉनिक. त्याची वायर मास्टर स्विचमधून न नेता थेट बॅटरीवरून, वेगळ्या फ्यूजनं, शेजारी छोटी बॅकअप बॅटरी, कारण स्टार्टर मारताना व्होल्टेज असं काही पडतं की काही युनिट गोंधळतात.

पुढच्या आठवड्यात स्टँडवर इंजिन चालू करून आधी मॅग्नेटो बंद करतो, मग मेन बॅटरीची वायर काढतो. बॅकअपवर किती मिनिटं चालतंय ते घड्याळ लावून बघतो आणि जो आकडा येईल तो इथंच टाकतो, तुमच्या बाजूनं गेला तरी.