नळ्या मंगळावरच राहिल्या

चंद्रावरचे नमुने आणणाऱ्या इस्रोच्या चांद्रयान-४ मोहिमेवरून भारतात जो वाद चालतो, त्याचे इथे अमेरिकेपर्यंत पोहोचणारे सूर मुख्यतः दोन. एक विचारतो, २,१०४ कोटी रुपये खर्चून दोन-तीन किलो दगडमाती आणायची कशाला? दुसरा म्हणतो, अमेरिकेने मंगळाचे नमुने आणायचा नाद सोडलाय, तेव्हा चंद्र उरकून थेट मंगळाचंच बघा. इथे जे घडलं ते जवळून पाहिलं, तर दोन्ही सूर भलत्याच जागी जोर देतात असं वाटतं.

नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरला. सोबत टायटॅनियमच्या ४३ नळ्या. एका नळीत साधारण १३ मिलिमीटर जाडीचा, सहा सेंटिमीटर लांबीचा खडकाचा गाभा मावतो. पाच नळ्या खडकासाठी नाहीतच. पृथ्वीवरून सोबत गेलेली घाण किती, हे नंतर ताडून पाहता यावं म्हणून त्या ‘साक्षीदार’ ठेवल्या आहेत. ऑगस्ट २०२१ मधला पहिला प्रयत्न फसला. खडक इतका ठिसूळ निघाला की त्याचा भुगा झाला आणि नळीत नुसती मंगळावरची हवा बंद झाली. पुढे एका नमुन्याच्या वेळी खडे पडून गिरमिटांच्या फिरत्या चकतीत अडकले, ते जानेवारी २०२२ मध्ये झटकून काढावे लागले. तरीही आज तीसहून अधिक नळ्या भरलेल्या आहेत. २०२४ मध्ये ‘चेयावा फॉल्स’ नावाच्या खडकावर बिबट्यासारखे ठिपके दिसले. त्यांत लोहाची अशी खनिजं आहेत, जी पृथ्वीवर अनेकदा सूक्ष्मजीवांच्या कामातून तयार होतात. पण तशी ती जीवांशिवायही होऊ शकतात. याचा निकाल समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या) मापनातून लागू शकेल, आणि ती यंत्रं रोव्हरवर मावत नाहीत. ‘दगड कशाला?’ याचं माझ्या मते हे पुरेसं उत्तर आहे.

म्हणजे खोदणं जमलं. अडलं ते पुढे.

सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र समितीने या नळ्या पृथ्वीवर आणण्याच्या परतीच्या मोहिमेचा खर्च ८ ते ११ अब्ज डॉलर सांगितला. २०२४ मध्ये नासाने स्वतःच कबूल केलं की ११ अब्ज आणि २०४० साल, दोन्ही परवडणारं नाही. जानेवारी २०२५ मध्ये स्वस्त पर्याय मांडले गेले, आणि २०२६ च्या सुरुवातीला अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्पात या स्वरूपातल्या मोहिमेचा पाठिंबाच काढून घेतला गेला. इथल्या चर्चेत याचं खापर बहुतेकदा राजकारणावर फुटतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. खरी अडचण अशी की पहिला टप्पा, म्हणजे हा रोव्हर, पृथ्वीवरून निघाला, तेव्हा उरलेल्या साखळीची रचना आणि पैसा दोन्ही कच्चे होते.

ती साखळी कशी होती? दुसऱ्या ग्रहावरून आजवर एकही रॉकेट उडालेलं नाही. मंगळाच्या कक्षेत जायला सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. त्यासाठी सुमारे तीन मीटर उंचीचं, दोन टप्प्यांचं घन इंधनाचं रॉकेट ठरलं होतं. घन इंधन निवडलं ते साधेपणासाठी, पण कडाक्याच्या थंडीत ते कडक होतं. त्याला तडा गेला की जळणारा पृष्ठभाग वाढतो, आतला दाब चढतो आणि मोटर फुटू शकते. म्हणून महिनोन्‌महिने त्याला ऊब देत बसावं लागतं. रॉकेट वर गेल्यावर नळ्या भरलेला बास्केटबॉलएवढा डबा कक्षेत सुटतो. त्याला स्वतःचं इंजिन नाही. युरोपच्या यानाने त्याला शोधून गिळायचं, तेही स्वतःच्या बुद्धीने, कारण पृथ्वीवरून संदेश पोहोचायला वीस मिनिटांहूनही जास्त लागू शकतात.

त्यानंतरची गोष्ट बाहेरच्या वाचकाला क्वचितच सांगितली जाते. डब्याला बाहेरून चिकटलेली मंगळाची धूळ पृथ्वीवर येता कामा नये. म्हणून तो कक्षेतच नव्या आवरणात सीलबंद करायचा, आणि निर्जंतुक न केलेला कण निसटण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी ठेवायची. परतीच्या कुपीला पॅराशूट नव्हतंच. ती युटाच्या वाळवंटात तशीच आपटणार होती. हे वेडेपण नाही, पॅराशूटही दगा देऊ शकतं. २००४ मध्ये नासाच्या जेनेसिस यानाची कुपी त्याच वाळवंटात कोसळली, कारण वेग मंदावल्याचं ओळखणारे संवेदक उलटे बसवले होते आणि पॅराशूट उघडलंच नाही. जमिनीवरच्या प्रयोगशाळेत तर दोन नियम एकमेकांच्या उरावर बसतात. जंतू बाहेर जाऊ नयेत म्हणून आतला दाब कमी हवा. पृथ्वीची घाण आत येऊ नये म्हणून तो जास्त हवा. उपाय म्हणजे दुहेरी भिंतींच्या पेट्या, आणि त्या उभारायला वर्षं लागतात.

चीन यातून वाट काढतोय. त्याची मंगळमोहीम तियानवेन-३ साधारण २०२८ मध्ये निघणार, एकाच जागी उतरणार, दोन मीटरपर्यंत खोदणार आणि किमान ५०० ग्रॅम आणणार. इथले काही शास्त्रज्ञ म्हणतात, ही मिळेल ते उचलण्याची मोहीम आहे, निवडून घेतलेल्या नमुन्यांची सर तिला नाही. खरं आहे. पण निवडलेले नमुने तिथेच पडून राहिले, तर त्या निवडीचं काय करायचं?

आता चांद्रयान-४. चंद्राचे नमुने जैविकदृष्ट्या निर्धोक मानले जातात, त्यामुळे वरचा मोठा खर्च वाचतो. तरी पाच भाग, एलव्हीएम-३ या इस्रोच्या रॉकेटची दोन उड्डाणं आणि कक्षेतल्या जोडण्या आहेतच. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेने पृथ्वीच्या कक्षेत दोन उपग्रहांची जोडणी साधली म्हणून ‘आता सोपं आहे’ असं लिहिणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: तिथे दोन्ही उपग्रहांना दिशादर्शक उपग्रहांचे संकेत मिळत होते, चंद्राच्या कक्षेत तसा भरवसा धरता येत नाही. २००७ मध्ये इस्रोने कुपी परत आणली, ती पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून, सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने. चंद्रावरून येणारी कुपी अकराच्या आसपास असेल. म्हणजे प्रत्येक किलोमागे ऊर्जा जवळजवळ दुप्पट, आणि उष्णता त्याहून अधिक. याची चाचणी स्वतंत्रपणे, आधी व्हायला हवी.

आणि दगड आल्यावर? नासाच्या ओसायरस-रेक्स यानाने २०२३ मध्ये आणलेल्या लघुग्रहाच्या मातीचा मुख्य डबा उघडताना ३५ पैकी दोन बोल्ट अडकले. नायट्रोजन भरलेल्या पेटीत वापरता येतील अशी हत्यारं नव्याने बनवावी लागली, त्यात जानेवारी २०२४ उजाडला. त्या १२१.६ ग्रॅमपैकी किमान सत्तर टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवायचं आधीच ठरलेलं होतं. चांद्रयान-४ च्या नमुन्यांपैकी किती राखायचे, कोणत्या विद्यापीठाने कसा अर्ज करायचा आणि परदेशी प्रयोगशाळांना काय द्यायचं, हे उड्डाणाआधी जाहीर व्हावं. भारतातल्या वादात हा प्रश्न मला अजून कुणी विचारताना दिसलेला नाही.