‘पोलीस फिल्डवर घडतो, वर्गात नाही’ म्हणे!

तीन ग्रुपवर तोच मेसेज आला. थोडक्यात असं, की नव्या पोलिसाला महिनोन्‌महिने वर्गात बसवणं म्हणजे पैसा पाण्यात, धावणं आणि दांडा आला की झालं, बाकी सिनियर शिकवतात, आणि ते नीट बोलायचं ट्रेनिंग वगैरे परदेशी फॅड आहे, त्याने गुन्हेगार डोक्यावर बसतात. एरवी सोडून दिलं असतं, पण मी नाशिकला पंचवटीत पोलीस भरतीच्या पोरांना गणित-बुद्धिमत्ता शिकवतो आणि माझ्याच बॅचच्या पोराने तो टाकला, वर सात अंगठे. म्हणून लिहितोय.

पहिलं, धावणं. गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर पहाटे पाचला या, पोरं १६०० मीटरसाठी घाम गाळताना दिसतील. मैदानीचे ५० मार्क, लेखीचे १००. पण हे सगळं आत घुसण्यासाठी झालं ना, आत गेल्यावर काम आहे लिहिण्याचं. १ जुलै २०२४ पासून कायदेच बदललेत, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांना जागेवर बोलवायचं. सिनियर शिकवतील म्हणता, पण ज्यांची वीस वर्षं जुन्या कायद्याच्या कलम १५४ खाली एफआयआर घेण्यात गेली त्यांच्याच तोंडात अजून नवं कलम १७३ बसतंय.

आता परदेशी फॅड. हा मुद्दा वाचून हसूच आलं, कारण यावरचा मोठा प्रयोग झालाय राजस्थानात. २००५ ते २००८ च्या दरम्यान, ११ जिल्हे, १६२ पोलीस ठाणी, राजस्थान पोलीस स्वतः सोबत. करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना २०१९ ला नोबेल मिळालं तेच. त्यांनी बऱ्याच गोष्टी करून बघितल्या, साप्ताहिक सुट्टी, बदल्या रोखणं, गावातली माणसं ठाण्यात बसवून लक्ष ठेवणं. यातलं बरंचसं नीट राबवलंच गेलं नाही, काही महिन्यांत ढेपाळलं. टिकलं काय तर ट्रेनिंग (तपासाचं आणि माणसांशी वागण्या-बोलण्याचं), आणि दुसरं म्हणजे खोटे तक्रारदार पाठवणं. म्हणजे साधा माणूस बनून जायचं, चोरीची तक्रार द्यायची, घेतात का बघायचं. असं कोणी येऊ शकतं हे कळल्यावर तक्रारी जास्त नोंदल्या जायला लागल्या! मला हे फार आवडलं, कारण माझा मोबाईल चोरीला गेला तेव्हा एका ठाण्यात मला ‘गहाळ’ झाल्याचा अर्ज लिहायला लावला होता. मी चोरी म्हणतोय, साहेब म्हणतायत गहाळ.

मध्य प्रदेशचं पण सांगतो. १८० ठाण्यांवर अभ्यास झाला, त्यातल्या काहींत महिला हेल्पडेस्क, सोबत स्टाफला ट्रेनिंग. तिथे बायकांच्या तक्रारी कागदावर यायला लागल्या, आणि एफआयआरमधली वाढ मुख्यतः जिथे डेस्कवर महिला अधिकारी होत्या तिथली.

नीट बोललं की गुन्हेगार माजतात? अमेरिकेत तीन शहरांत २८ पोलीस घेतले, काहींना ४० तासांचं ट्रेनिंग दिलं, ऐकून घ्या, कारण सांगा, मान ठेवा असं, आणि सगळ्यांना जास्त गुन्हे होणाऱ्या जागांवर सोडलं. ट्रेनिंगवाल्यांच्या जागांवर अटका कमी झाल्या आणि गुन्हेही दुसऱ्यांपेक्षा १४ टक्के कमी. तिथल्याच लुईव्हिल शहरात पोलिसांना वाद न चिघळवता हाताळायचं शिकवलं, तर बळाचा वापर २८ टक्क्यांनी घटला आणि खुद्द पोलिसांना होणाऱ्या जखमा ३६ टक्क्यांनी. म्हणजे फायदा पहिला खाकीलाच की! हां, अशाच ट्रेनिंगवर शिकागोचा एक अभ्यास पण फिरतो, त्याचे आकडे नंतरच्या फेरतपासणीत बरेच नरमले, म्हणून तो मी वापरत नाही.

सिनियर शिकवतात हे मात्र खरंय, आणि घोळ तिथेच आहे. पोरगं शिकून ठाण्यात येतं आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणतं, ते वर्गातलं विसर. राजस्थानातही फरक नीट दिसला तो अख्ख्या ठाण्याला ट्रेनिंग दिलं तिथे, चार-दोन जणांना दिलं तिथे नाही. म्हणजे यातून निघतं काय, तर सिनियरला पण परत वर्गात बसवा. २०१९ च्या देशभरातल्या पोलिसांवरच्या एका अहवालात होतं की आधीच्या पाच वर्षांत नोकरीतलं ट्रेनिंग सरासरी ६.४ टक्के पोलिसांनाच मिळालं. आणि कुठून मिळणार, त्याच अहवालात ड्युटी सरासरी १४ तासांची.

राहिला दांडा. तो नाशिककराने तरी बोलू नये. २७ ऑगस्ट २००३, कुंभातली चेंगराचेंगरी, ३९ माणसं गेली. गर्दी एकदा दाटली की माणूस स्वतःच्या पायाने मागे सरकूच शकत नाही, तिथे दांडा उगारला तर तो जाणार कुठे? गर्दी दाटायच्या आधी मागेच थांबवावी लागते, आणि कुठे, किती वेळ, परत सोडायची कधी, हे शिकवावं लागतं. त्र्यंबक रोडवर अख्खी पोलीस अकॅडमी असलेलं आपलं गाव, २०२७ ला सिंहस्थाचं मुख्य स्नान, आणि आपण मेसेज फिरवतोय की वर्ग बंद करा.

काल त्या पोराला क्लासमध्ये विचारलं, समज तू ठाण्यात बसलायस, बाई आली, म्हणाली पर्समधून मोबाईल चोरला, काय लिहिशील? क्षणभर पण थांबला नाही.

“सर, गहाळ.”