अठराव्या वर्षी मत, एकविसाव्या वर्षी बिअर

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत एकवीस वर्षांखालच्या चालकाचा परवाना उभा छापतात आणि एकविशी पूर्ण झाली की आडवा देतात. बारच्या दारावरच्या माणसाला जन्मतारखेचा हिशेब करावा लागू नये, कार्ड हातात घेताक्षणीच कळावे, एवढ्यासाठी ही सोय आहे. याच उभ्या कार्डाचा धनी मतदान करतो, सैन्यात भरती होतो, आईवडिलांना न विचारता लग्न करतो, शिक्षणासाठी कर्ज काढतो आणि खून केला तर प्रौढ म्हणून शिक्षा भोगतो. बिअरचा एक ग्लास मात्र त्याला विकत घेता येत नाही. ही वयोमर्यादा अठरावर आणावी असे माझे मत आहे. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींत ते बोलून दाखवले की लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहतात, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

एकवीस हा आकडा अनादि काळापासून चालत आलेला नाही. व्हिएतनाम युद्धात अठरा-एकोणीस वर्षांची मुले सक्तीने पाठवली जात होती आणि त्यांना मताचा अधिकार नव्हता. 'लढायला चालतो, तर मत द्यायला का नाही?' या एका प्रश्नाने देश ढवळून निघाला आणि १९७१ साली अठराव्या वर्षी मताधिकार देणारी सव्विसावी घटनादुरुस्ती काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मंजुरीनंतर जेमतेम शंभर दिवसांत राज्यांनीही संमत केली. त्याच लाटेत सुमारे तीस राज्यांनी मद्यपानाचे वयही अठरा, एकोणीस किंवा वीसवर आणले. आमच्या न्यू जर्सीने १९७३ साली ते अठरा केले, १९८० साली एकोणीस आणि १९८३ साली पुन्हा एकवीस. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये मात्र ते एकोणीसच होते, त्यामुळे इकडची पोरे गाडी काढून राज्याची हद्द ओलांडायची, तिकडे प्यायची आणि परतीच्या वाटेवर मरायची. न्यू जर्सीचेच सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी देशभर एकच वय असावे म्हणून कायदा आणला, त्यामागे हेही एक कारण होते.

त्या कायद्यामागची खरी ताकद मात्र वॉशिंग्टनची नव्हती, ती एका आईची होती. मे १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कॅन्डी लाइटनर यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला एका मद्यधुंद चालकाने रस्त्याच्या कडेला चिरडले. तो याआधीही दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलेला होता. त्याच वर्षी लाइटनरबाईंनी 'मॅड' या नावाने ओळखली जाणारी मातांची संघटना काढली. गावोगावच्या आया आपल्या गेलेल्या मुलांची छायाचित्रे घेऊन आमदारांच्या दारात उभ्या राहिल्या. राज्यांच्या अधिकारात ढवळाढवळ नको म्हणून सुरुवातीला नाखूश असलेल्या राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अखेर जुलै १९८४ मध्ये सही केली. कायद्याची मेख अशी की त्याने एकवीसची सक्ती केलीच नाही, फक्त जे राज्य एकवीसवर येणार नाही त्याच्या महामार्ग निधीचा काही भाग कापला जाईल असे सांगितले. साउथ डकोटा हे राज्य याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९८७ साली सात विरुद्ध दोन मतांनी हरले. १९८८ पर्यंत सगळी राज्ये एकवीसवर आली.

त्या आयांच्या दुःखापुढे कोणीही नतमस्तकच व्हावे. पण एक गोष्ट मला राहून राहून टोचते. ज्या अपघातातून हे सगळे सुरू झाले, त्यातला चालक कोवळा पोरगा नव्हता, चाळिशी उलटलेला माणूस होता. गुन्हा त्याच्या बाटलीचा आणि चाकाचा होता, वयाचा नव्हता, तरी वीस वर्षांचा मुलगा कायद्याच्या कचाट्यात सापडला.

हे टळले का नाही, याचे उत्तर मला चळवळीच्या स्वभावातच दिसते. मूल गमावलेली आई दहा वर्षांनीही आईच असते आणि तिचे दुःख तिला दरवर्षी पुन्हा विधिमंडळाच्या पायऱ्यांवर नेते. उलट वयोमर्यादेविरुद्ध लढणारा कार्यकर्ता आपल्या एकविसाव्या वाढदिवशी पीडितांच्या यादीतून आपोआप गळतो. तीन वर्षांत तो सह्या गोळा करायला शिकतो, पत्रक लिहायला शिकतो, आमदाराच्या सचिवाशी कसे बोलावे हे शिकतो, आणि मग त्याला नवे आडवे कार्ड मिळते. गरज सरो, वैद्य मरो! त्याच्या मागून येणाऱ्याला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. १९९८ पासून तरुणांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या नॅशनल यूथ राइट्स असोसिएशनकडे पाहिले की हे लक्षात येते. मद्यपानाचे वय, रात्रीच्या संचारबंदीचे नियम, मतदानाचे वय, असे सगळे प्रश्न त्यांनी एका सूत्रात ओवले, ते मला शहाणपणाचे वाटते, कारण एका प्रश्नातून वयाने बाहेर पडलेला माणूस निदान तत्त्वासाठी तरी टिकण्याची शक्यता असते. मतदानाच्या बाबतीत देशात काही हाताला लागलेही: मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कने २०१३ साली शहराच्या निवडणुकीत सोळा वर्षांच्या मुलांना मताचा अधिकार दिला. बिअरच्या बाबतीत मात्र कोणतेही शहर असा निर्णय घेऊ शकत नाही आणि राज्याने घेतला तर रस्त्यांचा पैसा जातो.

मोठ्यांनी हा प्रश्न हाती घेतला, तेव्हाचा अनुभवही बोलका आहे. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजचे माजी अध्यक्ष जॉन मॅकार्डेल यांनी २००८ साली 'अमेथिस्ट इनिशिएटिव्ह' नावाचे निवेदन काढले आणि शंभराहून अधिक कॉलेजांच्या अध्यक्षांनी त्यावर सह्या केल्या. एकवीसचा कायदा नीट चालत नाही, यावर खुली चर्चा करा, एवढीच त्यांची मागणी होती. गाडीच्या परवान्याप्रमाणे आधी अभ्यासक्रम पूर्ण करावा आणि मगच अठराव्या वर्षी मद्याचा परवाना मिळावा, ही मॅकार्डेल यांची स्वतःची सूचना मला आजही पटते. मातांच्या संघटनेने कडाडून विरोध केला, वर्तमानपत्रांत आठवडाभर धुरळा उडाला आणि चर्चा तिथेच विझली. ज्यांच्याविषयी ती चालली होती, ती मुले त्या धुरळ्यात फारशी दिसलीच नाहीत.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. वयोमर्यादा एकवीसवर गेल्यावर तरुणांचे रस्त्यावरचे मृत्यू घटले, हे बहुसंख्य अभ्यासक मान्य करतात आणि मलाही ते नाकारायचे नाही. कॅनडात वय अठरा-एकोणीस असूनही तिथे मद्यधुंद चालकांचे अपघात घटले, सीटबेल्ट आणि एअरबॅग आल्या, पोलिसांची तपासणी कडक झाली, हे सगळे खरे असले तरी कायद्याचा वाटा शून्य ठरत नाही. म्हणून आमच्या बाजूच्या लोकांनी आकड्यांची ओढाताण करणे सोडावे, असे मला वाटते. प्रश्न हक्काचा आहे. दारू पिऊन जीवघेणे अपघात करण्याचे प्रमाण एकवीस ते चौतीस या वयोगटांत सर्वाधिक असते, हे सरकारी आकडेच सांगतात. त्यांच्यावर बंदी घाला, असे कोणी का म्हणत नाही? कारण ते प्रौढ आहेत आणि प्रौढाला शिक्षा त्याच्या कृत्याची होते, त्याच्या वयाची नाही. तोच न्याय अठराच्या माणसाला लावा. गाडी चालवणाऱ्या तरुणाच्या रक्तात दारूचा थेंबही सापडता कामा नये, हा नियम हवा तेवढा कडक ठेवा, त्याला माझा पाठिंबा आहे.

कायद्याने पिणे थांबले असते, तरी मी गप्प बसले असते. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या वसतिगृहात शनिवारी रात्री काय चालते, ते तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खोलीचे दार बंद, दाराच्या फटीला टॉवेल, लाल प्लास्टिकचे ग्लास आणि बाहेर पडण्याआधी अर्ध्या तासात घशाखाली उतरवलेली व्होडका, कारण पुढे कुठे मिळेल याची खात्री नसते. कोणी बेशुद्ध पडले तर फोन करायचा की नाही, यावर कुजबुज होते, कारण फोन म्हणजे पोलीस आणि पोलीस म्हणजे शिस्तभंगाची नोटीस. या एका बाबतीत विद्यार्थ्यांनी खरोखर काम करून दाखवले आहे. मदतीसाठी फोन करणाऱ्यावर कारवाई होऊ नये, या मागणीला विद्यार्थ्यांनी कॉलेजाकॉलेजांत जोर लावला. कॉर्नेलने २००२ मध्येच तशी पद्धत सुरू केली आणि पुढे अनेक राज्यांनी तिचा कायदा केला.

आपल्याकडून शिकायला येणाऱ्या मुलांची गंमत वेगळीच. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि व्हिस्की-रमला पंचवीस, वर पिण्याचा सरकारी परवाना. त्यामुळे पुण्याहून एमएस करायला आलेला तेवीस वर्षांचा अभियंता आयुष्यातला पहिला कायदेशीर पेग परदेशी बारमध्ये पासपोर्ट दाखवून घेतो. गोव्यात त्याला तो अठराव्या वर्षीच मिळाला असता. मुंबईत २०११ नंतर पंचवीसच्या नियमावर थोडी आरडाओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले, पण तरुणांची संघटित चळवळ म्हणावी असे काही उभे राहिले नाही.

अमेरिकेत आता न्यायालयाची वाट जवळपास बंदच आहे आणि जे होईल ते काँग्रेसमध्येच होईल. वय अठरा करा, अशी मागणी तिथे थेट नेण्यापेक्षा महामार्ग निधीची अट तेवढी काढा, पुढचे ज्या त्या राज्याला ठरवू द्या, हे मागणे अधिक व्यवहार्य आहे, कारण राज्यांच्या अधिकाराचा मुद्दा दोन्ही पक्षांतल्या काहींना पटतो. ही मागणी आमच्यासारख्या पन्नाशीच्या लोकांनी करावी. आम्हाला त्यातून काही मिळायचे नाही आणि एखादा वाढदिवस आम्हाला त्यातून बाहेरही काढणार नाही. मी माझ्या प्रतिनिधीला पत्र पाठवले आहे. मसुदा हवा असेल त्यांनी खाली कळवावे.