सगळी 50 कुटुंबं घरी होती म्हणे

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधारच्या दोन झेरॉक्स काढायला दुकानात गेले होते. काउंटरवर स्पायरल केलेल्या वह्यांचा गठ्ठा, वर कव्हरवर ‘क्षेत्रकार्य अहवाल, बी.एस.डब्ल्यू. प्रथम वर्ष’, म्हणजे समाजकार्याच्या पदवीचा फिल्डवर्कचा अहवाल. माझा हात आपोआप गेला, कारण अशीच एक वही माझ्या कपाटात अजून आहे. दुकानदाराला वाटलं मला पाहिजे. म्हणाला, "ताई, कोणत्या इयरचा देऊ? नाव आन् गाव टाकून अर्ध्या तासात रेडी करतो." गावाच्या जागी टिंबटिंब. चाळायला लागले तर सर्वेक्षणाच्या पानावर हे वाक्य: ‘डिसेंबर महिन्यात 50 कुटुंबांचे सर्वेक्षण केले. सर्व कुटुंबे घरी उपस्थित होती व त्यांनी उत्तम सहकार्य केले.’

डिसेंबरात. बीडच्या डोंगरपट्ट्यात. सगळी 50 कुटुंबं घरी.

आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की दिवाळी झाली की ट्रक भरतात, बैलगाड्या निघतात, आणि निम्मं गाव पार गुढीपाडव्यापर्यंत उसाच्या फडात असतं. आणि समाजकार्य शिकणारं पोरगं लिहितंय सगळे घरी होते. लिहितंय कुठलं, विकत घेतंय.

2006 चा डिसेंबर. मी पहिल्या वर्षाला. आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क, गुरुवार-शुक्रवार, मला मिळालेलं गाव फाट्यापासून तीन किलोमीटर आत, चालत जायचं. वस्तीवर फॉर्म भरत फिरले आणि अकरा फॉर्मवर ‘घर बंद’ असं लिहून संध्याकाळच्या गाडीनं परत आले, मनात खूश, की लवकर उरकलं. शनिवारी आयसीला, म्हणजे फिल्डवर्कवर एकेकाशी होणाऱ्या चर्चेला, आमच्या सुपरवायझर मॅडमसमोर बसले. मॅडमनी एक शब्द न बोलता लाल पेनानं अकरा गोल केले. मग म्हणाल्या, "कुलूप घराला असतंय गं. माणसं कुठायत?"

मला रडू आलं होतं. खरंच सांगते, राग पण आला होता, की आता घर बंद आहे तर मी काय करू.

पुढच्या गुरुवारी परत गेले. त्याच बंद घरांच्या ओळीत शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात तूर निवडत बसलेली, तीच मागच्या वेळी पण बसलेली होती, मी तिला ओलांडून गेले होते. तिला विचारलं, आजी, ह्या घरातली माणसं कुठं गेलीत? तिनं कमरेच्या पिशवीतून सुतळी काढली. सुतळीत किल्ल्या. अकरा. आणि प्रत्येक किल्लीला वेगळी चिंधी बांधलेली, कारण म्हातारीला वाचता येत नव्हतं, ती रंगावरून ओळखायची. निळी चिंधी धाकट्या दिराच्या पोराची, कोयता (म्हणजे तोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं) साताऱ्याकडं गेलाय, तीन वर्षाचं लेकरू संगट नेलंय. पिवळी शेजारणीची, ते कर्नाटकात, पोरगी सातवीतून काढून नेली सैपाकाला. लुगड्याच्या काठाची चिंधी तिच्या स्वतःच्या सुनेची, सून सातव्या महिन्यात फडात गेलेली. कोणी मजूर नेणाऱ्या कोणत्या मुकादमाकडून किती उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली, कोणाची मागच्या साली फिटली नाही, सगळं तोंडपाठ. अंगणात चार नातवंडं. म्हातारी म्हणाली, "समदे पाडव्याला येतेल माय, तवर म्या राखन."

दोन तास बसले तिथं. फॉर्ममध्ये त्यातल्या एकाही गोष्टीला रकाना नव्हता.

लोक विचारतात ना, समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते. माझ्या सख्ख्या मामांनी विचारलं होतं, तेही भर पंगतीत. डिग्री नाही लागत हो मामा. दान द्यायला डिग्री लागत नाही, रक्तदान शिबिराला लागत नाही. पण ‘घर बंद’ लिहून आलेल्या पोरीला परत त्याच ओट्यावर पाठवणारं माणूस लागतं, आणि ते माणूस मला कॉलेजात भेटलं. व्यक्ती सहाय्य कार्य, गट कार्य, समुदाय संघटन ह्या तिन्ही पद्धती नोट्स काढून पाठ होतात, मीही केल्या होत्या, पेपरला साठच्या वर मार्क पडतात. ओट्यावर कसं बसायचं, कधी गप्प राहायचं, हे पाठ होत नाही. त्याच्यासाठीच फिल्डवर्क आहे. ते काढून घेतलं तर बीएसडब्ल्यूत शिल्लक काय राहतं? साधं बीए राहतं, तेही कच्चं.

आमच्या मॅडम स्वतः विद्यार्थिनी असताना 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीच्या भागात गेल्या होत्या. त्या सांगायच्या, पुनर्वसनात जमीन किती त्याप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं ठरली, सरळ रेषेत रुंद रस्ते आखले, कागदावर गाव देखणं दिसायचं. पण बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, कोणाच्या शेजारी कोण राहायचं, हे बायकांच्यात जाऊन बसल्याशिवाय कळत नव्हतं. त्यांचं सगळं शिकवणं तिथून आलेलं. म्हणून ते लाल गोल.

आणि हे सगळं आपल्याच मराठवाड्यात का जास्त लागतं ते मी तुम्हाला काय सांगू. तुळजापूरला समाजकार्य शिकवणाऱ्या टाटा इन्स्टिट्यूटनं 1986 मध्ये कॅम्पस काढला तो हवापाण्यासाठी नाही काढला. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय निघाला, सरकारनं पाहणी केली, तर 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. तेरा हजार! त्या बायका काय एका रात्रीत आजारी पडल्या? वर्षानुवर्षं कोणीतरी त्यांच्या गावात ‘सर्वेक्षण’ करतच होतं की. उपस्थित होते, उत्तम सहकार्य केले.

हे टाईप करताना परत हात थरथरायलेत.

बरं, दुकानात पुढं काय झालं ते ऐका. मी अजून तिथंच, तेवढ्यात एक पोरगं आलं, बारीक, अंगात पेट्रोल पंपाचा शर्ट. वही न्यायला. मी सुनावलं त्याला. सगळ्यांसमोर. म्हणलं, लाज नाही वाटत का, कोणत्या गावचा रे तू? त्यानं खाली बघत गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "मॅडम, माझे आईवडील पण उसालाच हायेत."

मग मीच गप्प.

त्याला बाहेर चहाच्या गाड्यावर नेलं. रात्रपाळी पंपावर, सकाळी कॉलेज, खोलीवर तिघंजण. फिल्डवर्कचं गाव चाळीस किलोमीटरवर. एसटीचा पास घर ते कॉलेजचा, तो फिल्डवर्कच्या गावाला चालत नाही. पोरींना अर्धं तिकीट झालंय 2023 पासून, पोरांना पूर्ण. आठवड्यातून दोन दिवस, जाऊन येऊन, मोजा तुम्हीच. कॉलेज एक रुपया देत नाही. सर एकदाही गावात आले नाहीत, ग्रुपवर फोटो टाका म्हणतात, बॅनर धरलेला, लोकेशनसकट. बॅनर धरला की फिल्डवर्क झालं. गेल्या महिन्यात ह्या पोरांनी एकाच दिवशी, एकाच शाळेच्या भिंतीपाशी, शर्ट बदलून चार आठवड्यांचे फोटो काढले. ते पण त्यानंच सांगितलं, लपवलं नाही.

आता राग कोणावर काढू? त्या सरांवर काढते, कारण सुपरवायझर म्हणून सही त्यांची आहे. सही करताना त्यांना दिसलं नाही का डिसेंबर? ते पण ह्याच मातीतले आहेत. तुम्ही ज्या खुर्चीवर बसलात त्या खुर्चीतून कोणीतरी अकरा गोल केले होते, सर. एकच गोल करा. एका पोराला परत पाठवा.

मान्य आहे, ते सर तासिका तत्त्वावर असतील, पगार सहा-सहा महिने निघत नसेल. आणि हेही मान्य, की बीएसडब्ल्यू करून नोकरी लागते ती अकरा महिन्यांची, मानधनावर. मी स्वतः समुपदेशक म्हणून कंत्राटीच आहे, मला कोणी सांगू नये. पण पगार कमी आहे म्हणून डॉक्टर खोटा रिपोर्ट देतो का? दिला तर आपण त्याला सोडतो का?

त्या पोराला मी विचारलं, आई कोणत्या कारखान्याला आहे, घराची किल्ली कोणाकडं असते. म्हणाला, "चुलत आज्जीकडं." मी त्याला म्हणलं, अरे मग तुझा अहवाल तुझ्या घरात आहे, झेरॉक्सच्या दुकानात काय करायलायस तू. हंगामी वसतिगृह माहीत आहे का, आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवायची सोय असते ती? तर ते म्हणालं, "मी स्वतः राह्यलोय तिथं, दोन वर्षं." बघा. जे मला अकरा किल्ल्या बघून कळलं ते ह्याच्या अंगावर लिहिलेलं आहे, आणि ह्याला आपण टिंबटिंब भरायला लावतोय. इथं मात्र मला रडू आलं, चहाच्या गाड्यावर, भर रस्त्यात.

एक गोष्ट मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. त्या वर्षी फिल्डवर्क संपता संपता, पाडव्याच्या आठवड्यात, मी मुद्दाम म्हातारीकडं गेले होते. ट्रक येत होते, सामान उतरत होतं, ती ओट्यावर बसून एकेक चिंधी सोडवून किल्ली देत होती. सुनेच्या कडेवर बाळ. दहा किल्ल्या गेल्या. पिवळी चिंधी सुतळीतच राहिली. त्यांची उचल फिटली नव्हती, ते तिकडूनच वीटभट्टीला गेले. सातवीतली पोरगी पण. म्हातारीनं सुतळी परत पिशवीत ठेवली आणि मला म्हणाली, "चा पितीस का?"

माझ्या अहवालात शेवटचं पान त्या पिवळ्या चिंधीचं आहे. मॅडमनी त्यावर काहीच लिहिलं नाही, नुसती तारीख टाकून सही केली.

तर त्या पोरानं वही घेतली नाही आज. दुकानदार माझ्यावर चिडला, चिडू दे. गुरुवारी सकाळी सव्वासातची गाडी आहे, पंपावरून सुटून तो सरळ स्टँडवर येतो म्हणलाय, मी सुट्टी टाकलीय. त्याच्या वर्गातली अजून दोघं येऊ का विचारत होती. तिकिटाचं मी बघते. जुन्या बॅचवाल्यांनो, कोणाला पुढच्या गुरुवारचं तिकीट काढायचं असेल तर सांगा, आणि ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांनी फाट्यापासून आत सोडायचं बघा, ऊन वाढलंय.