आठव्या हेन्रीनं औद्योगिक क्रांती रोखली? रीव्हो मठाच्या भट्टीविषयी

उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशरच्या राय नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात, रीव्हो या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठाचे भग्नावशेष आहेत. त्यांच्या फोटोंसोबत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात म्हटलेलं असतं की इथल्या संन्याशांनी जवळच्या लास्किलला झोतभट्टी, म्हणजे लोखंड पूर्ण वितळवणारी भट्टी, उभारली होती, असे कारखाने त्यांच्या प्रत्येक मठात होते, १५३८ मध्ये इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनं मठ बंद केला आणि ते ज्ञान नष्ट झालं. नाहीतर औद्योगिक क्रांती अडीचशे वर्षं आधीच झाली असती. रीव्हो ही माझ्या फार जिव्हाळ्याची वास्तू आहे. तिचं मोठेपण खरं आहे, पण ते या गोष्टीत नाही.

आधी भट्टी. लास्किलला सापडली ती मळी, म्हणजे धातू गाळून उरलेला गाळ. जुन्या साध्या भट्टीच्या मळीत बरंच लोखंड वाया गेलेलं असतं. इथल्या मळीत ते कमी आढळलं. त्यावरून भट्टी चांगली तापत होती, पाण्याच्या जोरावर चालणारे भाते तिला भरपूर हवा देत असावेत, इथपर्यंतचा तर्क मला मान्य आहे. झोतभट्टी मात्र ओळखायची तिच्यातून काय बाहेर पडतं त्यावरून. साध्या भट्टीत लोखंड पूर्ण वितळत नाही. त्याचा सच्छिद्र गोळा तयार होतो आणि तो घणाखाली ठोकून घडीव लोखंड मिळतं. झोतभट्टीतून पातळ बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाहत येतं. ते ठिसूळ असतं, म्हणून त्याचा खिळा किंवा फाळ घडवायचा तर दुसऱ्या भट्टीत पुन्हा तापवून त्यातला कार्बन काढावा लागतो. मळीत लोखंड कमी आहे एवढ्यावरून लास्किलला नेमानं बीड ओतलं जात होतं, असं म्हणता येत नाही.

आणि समजा, ओतलं जात होतं. तरी इंग्लंडला रीव्होच्या संन्याशांची वाट पाहायची गरजच नव्हती. दक्षिणेला ससेक्समध्ये, बक्स्टेडजवळ, १४९० च्या सुमारास झोतभट्टी पेटली. १४९६ मध्ये ॲशडाउन जंगलातल्या न्यूब्रिजला आणखी एक उभी राहिली, तीही खुद्द सातव्या हेन्रीच्या, म्हणजे आठव्याच्या बापाच्या आज्ञेनं. हे तंत्र फ्रान्सकडून आलेल्या कारागिरांनी आणलं. १५४३ मध्ये, रीव्हो बंद होऊन पाच वर्षं झाली असताना, त्याच बक्स्टेडला राजासाठी लोखंडी तोफ ओतली गेली. चीनमध्ये तर इसवी सनाच्या कित्येक शतकं आधीपासून बीड ओतत होते.

‘सगळे मठ एकाच साच्यातले, म्हणून तंत्रही सगळीकडे एकच’ हा मुद्दा वरवर पटतो. साधेपणाचे नियम कडक होते आणि दरवर्षी सप्टेंबरमध्ये मठाधिपतींनी फ्रान्समधल्या सीतोला सभेसाठी जमायचं, असा दंडक होता. पण रीव्होची वास्तू नीट पाहिली की हा साचा जागेपुढे आणि माणसांपुढे किती वाकत होता ते कळतं. ११३२ मध्ये वॉल्टर एस्पेक या सरदारानं दिलेल्या जमिनीवर फ्रान्समधल्या क्लेर्व्होहून आलेल्या संन्याशांनी हा मठ वसवला. चर्च पूर्व-पश्चिम असायचं. इथे डोंगर आणि नदी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत ते मावेना, म्हणून जवळपास उत्तर-दक्षिण बांधलं. सभागृह सहसा चौकोनी असे, इथे त्याचं एक टोक अर्धगोल आहे. जुनं मुख्य दालन जाड, साध्या खांबांचं होतं, तर तेराव्या शतकात नव्यानं बांधलेला वेदीकडचा भाग तीन मजली, टोकदार कमानींचा, खांबांच्या जुडग्यांनी नटलेला. साधेपणाचं व्रत घेतलेल्यांनी हे बांधलं यावर विश्वास बसू नये इतका तो देखणा आहे. जमीन पुरेना म्हणून शेजारच्या बायलंडच्या संन्याशांशी करार करून त्यांनी नदीचं पात्रच बाजूला सरकवलं. सुरुवातीला हा शेजार इतका जवळचा होता की दोन्ही मठांच्या घंटा एकमेकांना रात्रंदिवस ऐकू जात, आणि शेवटी बायलंडकरांनी ११४७ मध्ये मुक्काम हलवला.

लोखंडकामही असंच मठागणिक वेगळं होतं. फ्रान्समधल्या फाँतने मठातली ५३ मीटर लांबीची लोहारशाळा आजही उभी आहे आणि ती थक्क करते. इंग्लंडमध्ये बोर्ड्सली मठाची धातुकामाची पाणचक्की उत्खननात सापडली, पण ती हेन्रीच्या कितीतरी आधी बंद पडली होती.

ही सगळी कामं सेवाबंधूंच्या, म्हणजे मठात राहून अंगमेहनत करणाऱ्या बंधूंच्या, बळावर चालत. मठाधिपती एलरेड यांच्या काळात, ११६० च्या दशकात, त्यांचे चरित्रकार १४० संन्यासी आणि ५०० सेवाबंधू व नोकर असा आकडा देतात. पुढे प्लेग आला. १३८१ मध्ये रीव्होत मठाधिपतींसह १५ संन्यासी आणि फक्त ३ सेवाबंधू उरले होते. मठांचा औद्योगिक जोर हेन्रीच्या दीडशे वर्षं आधीच ओसरला होता.

‘ज्ञान नष्ट झालं’ हे तर रीव्होच्याच इतिहासानं खोटं ठरतं. मठ अर्ल ऑफ रटलंडच्या हाती गेला. लोखंडाचं काम चालू राहिलं आणि १५७७ मध्ये रीव्होलाच झोतभट्टी उभी राहिली. ती जुन्या संन्याशांनी नव्हे, नव्या जमीनदारानं उभारली. नष्ट झालं ते वेगळंच, आणि त्याबद्दल हळहळ वाटायलाच हवी. राजाच्या माणसांना हवं होतं छताचं शिसं. त्यांनी छत उतरवून शिसं वितळवलं, त्याच्या लाद्यांवर राजमुकुटाचा शिक्का मारला. त्यांतल्या काही लाद्या १९२० च्या दशकात कोसळलेल्या भिंतीखालून निघाल्या आणि ते शिसं यॉर्कच्या मुख्य चर्चमधल्या ‘फाइव्ह सिस्टर्स’ खिडकीच्या दुरुस्तीला वापरलं. दोनशेहून अधिक ग्रंथांची जुनी यादी उरली आहे, पण त्यांतले बहुतेक ग्रंथ हरवले.

राहिली अडीचशे वर्षं. झोतभट्टी असणं आणि औद्योगिक क्रांती होणं यांच्यामध्ये इंधनाची मोठी अडचण होती. भट्टी लोणारी कोळशावर चाले, त्यासाठी जंगल राखून आळीपाळीनं तोडावं लागे, म्हणून उत्पादनाला मर्यादा पडे. ससेक्स आणि आसपासच्या भागात पन्नासहून अधिक भट्ट्या धगधगत होत्या तेव्हाही ही मर्यादा तशीच होती. अब्राहम डार्बीनं १७०९ मध्ये कोलब्रुकडेलला दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून बीड काढलं, न्यूकमेनचं वाफेचं इंजिन १७१२ मध्ये खाणीतलं पाणी उपसू लागलं, आणि कोक-बिडापासून घडीव लोखंड मोठ्या प्रमाणावर करण्याची हेन्री कोर्ट या लोहउद्योजकाची पद्धत यायला १७८४ उजाडलं. यांतली एकही गोष्ट लास्किलच्या मळीत नव्हती.