काशीबाईंचा पाय

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात आठवीतल्या दोन मुलींनी नऊवारी नेसून ‘पिंगा’वर नाच केला. मुली छान नाचल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार निवेदकाबद्दल आहे. “पेशवाईतल्या दोन जिवलग मैत्रिणी, काशीबाई आणि मस्तानी,” अशी ओळख त्याने माईकवरून ठणठणीत आवाजात करून दिली आणि समोर बसलेल्या शे-दीडशे माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगे वाटले नाही. माझा मात्र शिऱ्याचा घास घशात अडकला.

२०१५ च्या डिसेंबरात भन्साळींचा ‘बाजीराव मस्तानी’ लागला, तेव्हा मी आजीला घेऊन गेले होते. हा चित्रपट ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ कादंबरीवर बेतलेला असल्याचे तिने पेपरात वाचले होते आणि मग तिला घरी थोपवणे कोणाच्या हातात नव्हते. ‘राऊ’ १९७२ ची. आमच्याकडच्या प्रतीची बांधणी केव्हाच सुटली होती आणि आजीने पाने सुतळीने बांधून ठेवली होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, वाटेत तीनदा थांबून ती आमच्या रांगेपर्यंत पोचली. पडद्यावर पिंगा सुरू झाला, काशीबाई गिरक्या घेऊ लागल्या, तेव्हा माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, “अगं, हिचा पाय दुखायचा ना?”

काशीबाईंना पायाचे दुखणे होते, ही गोष्ट त्या वेळी गाण्याला हरकत घेणाऱ्यांनीही सांगितली होती. ज्यांनी कोट्यवधी रुपये खर्चून आरसेमहाल उभारला, त्यांना ती ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. ठाऊक असूनही त्यांनी ती बाजूला सारली, कारण मोठ्या पडद्याला दुखणे चालत नाही. दुखणारा पाय सुंदर दिसत नाही, तो ठेक्यात पडत नाही, त्याच्यावर गाणे विकता येत नाही. मंगळागौरीच्या रात्री बायका घामाघूम होऊन, साडीचा काष्टा खोचून जो पिंगा घालतात, त्याचेही तिथे झुंबराखालचे प्रदर्शन झाले. आणि बाजीरावांच्या ‘मल्हारी’बद्दल मी लिहायला बसले तर ही पोस्ट संपणार नाही.

होय, हा इतिहास नव्हे अशी सूचना चित्रपटाच्या सुरुवातीला असते, आणि कादंबरी म्हणजेसुद्धा काही दफ्तरखान्यातला कागद नव्हे, हे मला मान्य आहे. पण कादंबरीकाराने माणसांना दुखू दिले होते. १७४० च्या सुरुवातीला स्वतःच्याच घरातल्या मुंजीच्या आणि लग्नाच्या कार्यात नकोसा झालेला, उत्तरेत मराठ्यांचा दरारा बसवणारा बाजीराव त्याच वर्षी २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला, वयाची चाळिशीही न गाठता, तापाने जातो. या मरणाला आणखी काय जोडायला हवे होते? चित्रपटात तो पाण्यात उतरून भासातल्या घोडेस्वारांवर तलवार चालवतो. साधा ताप त्यांना पुरला नाही.

इतके लिहून झाल्यावर थोडी शांत झाले आहे, तेव्हा जे चांगले होते तेही सांगते. तन्वी आझमींच्या राधाबाई, म्हणजे बाजीरावांच्या आई, मला आवडल्या. त्या भूमिकेसाठी त्यांनी डोक्यावरचे केस उतरवले होते आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. प्रियांका चोप्रांची काशीबाई नवऱ्याला आपल्या महालात यायला मनाई करते, त्या प्रसंगाला आजीने पदराने डोळे पुसले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पाहा, ही दोन्ही ठिकाणे अशीच आहेत, जिथे दागिने आणि दिवे थोडे मागे सरले आहेत. ‘नटरंग’ चित्रपटात आनंद यादवांच्या कादंबरीतल्या गुणाची पैलवानी काया नाच्याच्या अंगात विरघळताना अतुल कुलकर्णींनी दाखवलीच की! म्हणजे जमत नाही असे नाही. हिंमत होत नाही.

परतताना रिक्षात आजी गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ गप्प होती. लक्ष्मी रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “दोघींनी एकमेकींकडे नुसतं बघितलं असेल, तरी पुष्कळ झालं.” घरी आल्यावर तिने सुतळी सोडवून घेतली आणि चष्मा लावून मधलीच कुठली तरी पाने वाचत बसली. आता ती नाही. पाने अजून त्याच सुतळीत आहेत.

कार्यक्रम संपल्यावर त्या दोघींपैकी काशीबाई झालेली मुलगी पायातले घुंगरू सोडत पायरीवर बसली होती. मी जरा घुश्शातच तिच्यापाशी गेले आणि काशीबाईंच्या पायाची गोष्ट तिला सांगितली. तिने माझे सगळे नीट ऐकून घेतले, एक घुंगरू हातात तसाच धरून थोडा विचार केला आणि विचारले, “मग काकू, मी बसून करायला हवं होतं का?”

मला उत्तर देता आले नाही. तिच्या टाचेला फोड आला होता, म्हणून मी घरातून मलम आणून दिले.