एकदा भेटूया रे

मे महिन्यात आठ दिवस मालवणला घरी गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो की या खेपेला शाळेतल्या मित्रांना भेटायचंच. आमची दहावी १९९८ची, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेच वर्ष, त्यामुळे रिझल्ट लागला तसा अर्धा वर्ग मुंबईला पळाला आणि उरलेला अर्धा अजून आम्हाला चाकरमानी म्हणून चिडवतो.

पहिल्या दिवशी चार वाजता शर्ट घालून निघालो तर आई पडवीत बसलेली. "खंय चललंस?" मी मित्राचं नाव सांगितलं आणि तिथेच चुकलो. "त्याच्याकडे? त्याच्या आज्यान आपल्या बांधावरचे चार फणस नेल्यान!" आता ही चोरी माझ्या जन्माच्या आधीची. ते फणस पचले, आजोबा गेले, तो बांधसुद्धा एका पावसात वाहून गेला, पण केस चालूच (कोर्टात नाही, आमच्या पडवीत). तरी निघालो. वाटेत तीन घरं, प्रत्येक घरात एक काकी आणि प्रत्येक काकीचं "चाय घेतल्याशिवाय कसो जातलंस?" पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली आणि मित्र बाजारात गेलेला. तिथे चौथा चहा.

दुसऱ्याचं तारकर्लीला होमस्टे आहे. तो म्हणाला ये रे कधीपण, म्हणून गेलो, तर मे महिना, घर गच्च भरलेलं, त्याने मला मिठी मारली आणि त्याच हाताने सोलकढीचा जग दिला, "तेवढा चार नंबरच्या टेबलार दी मरे." मग वडे. मग पाणी. दीड तासात आमचं बोलणं झालं ते एवढंच. शेवटी पुण्याच्या एक बाई मला म्हणाल्या, दादा, आमच्या रूमचा एसी बघता का? बघितला. रिमोटमधले सेल संपले होते.

तिसऱ्याची मासेमारीची बोट. त्याला फोन केला तर म्हणे ३१ मेपर्यंत श्वास घ्यायला टाइम नाय, १ जूनपासून दोन महिने बंदी, मग किनाऱ्यावरच आहे, मग ये, निवांत बसू. माझं परतीचं तिकीट ३० मेचं, तेही साठ दिवस आधी उठून काढलेलं. मासे आणि मी, दोघांचं टाइमटेबल सरकारच्या हातात.

शेवटी कंटाळून ग्रुपवर टाकलं, तुम्हीच या. आणि आले की! २९ तारखेला, ऐन जेवणाच्या वेळी, पाच जण, बोटवालापण तासभर चोरून. आईला एवढा आनंद झाला की तिने मला लगेच मागीलदारी नारळ खवायला बसवलं, पाच माणसं वाढली ना. मी आत खोबरं किसतोय आणि बाहेर खळ्यात सगळे हसतायत, मी नववीत गणितात किती मार्क पाडले होते ते आईला आता कळतंय. मी हात धुऊन बाहेर आलो तर मंडळी चपला घालत होती. होमस्टेवाला म्हणाला, "तुझ्या आवशीक भेटून बरा वाटला मेल्या."

फणसवाल्याच्या नातवाने येताना एक कापा फणस आणला होता. तो पायरीवर तसाच पडलेला. आईने त्याच्यावर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाली, "एक इलो. तीन रवले."